‘बघू, काही झालं तर नेऊ’

घरातल्या कुत्र्यानं खाऊ नये ते खाल्लं की आपल्याकडे दोनच सल्ले ऐकू येतात. एक, ‘बघू, काही झालं तर नेऊ डॉक्टरकडे’. दुसरा, ‘मिठाचं पाणी पाज, ओकून टाकील’. पहिला देणारा स्वतःला शांत डोक्याचा समजतो, दुसरा अनुभवी. दोघांचं आपसात पटत नाही, पण पोटात नेमकं काय गेलं, किती गेलं आणि कुत्र्याचं वजन काय, हे विचारायची गरज दोघांनाही वाटत नाही. एकाचा भरवसा असा की शरीर वेळेवर सांगेलच. दुसऱ्याचा असा की सगळ्या विषांना एकच उतारा पुरतो. माझा आक्षेप दोघांवर आहे, पण पहिल्यावर जास्त. तो समंजसपणाचा आव आणून येतो, म्हणून घरात त्याला कुणी अडवत नाही. चॉकलेट, बेदाणे, कांदा आणि झायलिटॉल या चारही बाबतींत लक्षणं म्हणजे वरातीमागून येणारं घोडं असतं. जे करण्यासारखं होतं त्याची वेळ बहुधा ती दिसायच्या आतच निघून गेलेली असते.

आधी झायलिटॉलचं पाहू, कारण त्याची घाई सगळ्यांत जास्त. साखर नसलेलं च्युइंगगम, काही पीनट बटर, काही टूथपेस्ट आणि ‘कीटो’ म्हणून विकले जाणारे गोड पदार्थ यांत गोडी आणायला हे द्रव्य वापरतात. माणसाच्या इन्सुलिनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला साखर समजून इन्सुलिनचा लोंढा सोडतं आणि अर्ध्या तासात रक्तातली साखर ढासळू शकते. वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम एवढ्यानं हे घडतं, आणि ०.५ ग्रॅमच्या पुढे यकृतालाही धोका असतो. यकृताची ही हानी उघड व्हायला कधी कधी दोन-तीन दिवस जातात. म्हणजे साखर उतरल्याचा पहिला फटका चुकला म्हणून निर्धास्त झालेला मालक दुसऱ्या फटक्याला बेसावध सापडतो. सगळंच ‘शुगरफ्री’ असं घातक नसतं. आपल्या बाजारातल्या कितीतरी पदार्थांत सुक्रालोज किंवा स्टीव्हिया असतं आणि त्यांनी इन्सुलिनचा हा खेळ होत नाही. फरक वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत असतो. तिथे झायलिटॉल किंवा आयएनएस ९६७ असं लिहिलेलं असेल, तर कुत्रा अजून शेपटी हलवतोय यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

चॉकलेटची चाल संथ. त्यातलं थिओब्रोमाइन माणूस बरंच लवकर निकालात काढतो. कुत्र्याच्या शरीरात त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण साडेसतरा तास लागतात. अस्वस्थपणा, तहान, उलट्या, धडधड ही लक्षणं दोन ते बारा तासांत केव्हाही सुरू होतात, आणि ती दिसेपर्यंत पदार्थ पोटातून बराचसा पुढे सरकलेला असतो. मूत्राशयात साठलेल्या लघवीतूनही थोडं थिओब्रोमाइन परत रक्तात शोषलं जातं. म्हणून डॉक्टर अशा कुत्र्याला वरचेवर लघवीला बाहेर न्यायला सांगतात किंवा नळी घालतात. कांद्याचं दुखणं तर इतकं मागाहून येतं की कारणाशी त्याचा संबंध जोडणंच अवघड. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं तांबड्या पेशींना आतून जाळत जातात, पेशी फुटतात आणि रक्तक्षय होतो, पण थकवा, फिक्या हिरड्या, लालसर-तपकिरी लघवी हे सारं दिसायला तीन-पाच दिवस जातात. रविवारच्या मटणाच्या रश्श्याचा दोष गुरुवारी कोण काढणार? मग ‘ऊन लागलं असेल’, ‘वय झालं’ असली कारणं शोधली जातात. त्यातच कुणी मरगळलेल्या कुत्र्याला माणसाची तापाची गोळी देतं. पॅरासिटामॉल त्याच तांबड्या पेशींवर आणखी ताण आणतं.

लक्षणांची वाट पाहण्यात गमावतो ती वेळ किती, हेही सांगायला हवं. पोटात गेलेलं बाहेर काढायचं तर ते पहिल्या दोनेक तासांत काढणं सगळ्यांत फायद्याचं. चॉकलेट आणि द्राक्षं पोटात जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून त्यांच्या बाबतीत उशिरानेही प्रयत्न करतात. पण कुत्रा थरथरू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा झटके आले, की उलटी करवणंच धोक्याचं होतं, कारण ओकलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं. ज्या लक्षणाची वाट पाहत बसायचं, तेच लक्षण हा सोपा उपाय हातातून काढून घेतं. ‘काही झालं तर नेऊ’ म्हणणाऱ्यांनी याचं काही उत्तर दिलेलं माझ्या वाचनात नाही.

त्यांचा सगळ्यांत वजनदार युक्तिवाद द्राक्षांचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. द्राक्षं-बेदाणे खाल्लेल्या बहुतेक कुत्र्यांना काहीही होत नाही, असं ते म्हणतात, आणि आकडे बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूचे आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात द्राक्षं-बेदाणे खाऊन दवाखान्यात आणलेल्या १३९ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. मूत्रपिंडाला इजा झालेल्यांचं प्रमाण सातेक टक्क्यांच्या आसपास निघालं. पण हे कुत्रे दवाखान्यात आणलेले होते. त्यांतल्या पुष्कळांना उलटी करवली गेली, विष शोषणारा औषधी कोळसा दिला गेला, सलाइन लावलं गेलं. उपचार झालेल्यांचा आकडा दाखवून उपचार अनावश्यक ठरवता येत नाही. आता दुसरं टोक पाहा. २००५ साली आलेल्या एका पाहणीत द्राक्षं किंवा बेदाणे खाऊन मूत्रपिंड निकामी झालेले ४३ कुत्रे होते आणि त्यांतले निम्म्याच्या थोडे वर जगले. दोन्ही अभ्यासांतले कुत्रे वेगळे, निवडीची पद्धत वेगळी, त्यामुळे हे आकडे एकमेकांतून वजा करून काही सिद्ध होणार नाही. इजा होण्याची शक्यता थोडी आणि मूत्रपिंड निकामी झालंच तर जवळपास निम्मे दगावतात, एवढंच ते सांगतात. अशा सौद्यात थांबून बघायचं की नाही, ते इजेची बातमी कधी कळते यावर ठरायला हवं. ती फार उशिरा कळते. बिघाड दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाची साधारण तीन-चतुर्थांश क्षमता आधीच गेलेली असते. पहिली उलटी बहुधा चोवीस तासांच्या आत होते, हे खरं. पण ती पाहून घरचे काय म्हणतात? ‘निघालं सगळं, आता बरं वाटेल.’ एकुलता एक लवकरचा इशाराही असा बरं होण्याची खूण म्हणून वाचला जातो.

द्राक्षांच्या लहरीपणाचं कोडं अलीकडेच थोडं सुटलंय आणि त्याचा धागा थेट मराठी स्वयंपाकघरापर्यंत येतो. एक कुत्रा चार मणी खाऊन आजारी पडतो, दुसरा घडच्या घड खाऊन ठणठणीत राहतो, हे का, याचं उत्तर कितीतरी वर्षं मिळत नव्हतं. कीटकनाशक, बुरशी, साखर असे सगळे तर्क करून झाले. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. दुवा मिळाला तो क्रीम ऑफ टार्टार, म्हणजे याच आम्लाचा क्षार, घालून घरी केलेला खेळण्याचा मऊ गोळा खाल्लेल्या कुत्र्यामुळे. त्याचं मूत्रपिंड अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखंच बिघडलं होतं. जात, पीक आणि पिकण्याची अवस्था यांप्रमाणे द्राक्षांतलं हे आम्ल कमी-जास्त होतं, म्हणजे लहरीपणाचाही उलगडा होतो. पुढच्या वर्षी त्याच धर्तीच्या नोंदींत चिंच खाल्लेले कुत्रेही आले. चिंचेत टार्टरिक आम्ल द्राक्षांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं. नाशिकची द्राक्षं आणि तासगाव-सांगलीचे बेदाणे ज्या घरात पेटीनं येतात, त्याच घरात फडताळात वर्षाची चिंच मिठात घालून ठेवलेली असते. आमटीचं बोट चाटलेल्या कुत्र्याला घेऊन धावत सुटा, असं मी म्हणणार नाही. चिंचेचा गोळा फस्त केला असेल किंवा भेळेच्या चटणीचं पातेलं रिकामं केलं असेल, तर मात्र एखाद्या परदेशी यादीत चिंचेचं नाव सापडलं नाही म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं ते गावातल्या कुत्र्याचं. गावातलं कुत्रं उकिरड्यावरचं काय वाटेल ते खातं, त्याला कुठला डॉक्टर नि कुठलं सलाइन? या बोलण्यात शास्त्राचा एक खरा अंशही आहे. २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानं दाखवलं की लांडग्यापेक्षा कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात. माणूस शेती करू लागला आणि त्याच्या खरकट्यावर जगणारा प्राणी भाकरी पचवू लागला. म्हणून ताकभाकरीवर वाढलेलं कुत्रं धडधाकट असतं, यात नवल नाही. पण हे जुळवून घेणं हजारो वर्षांचं, आणि ते पिष्टापुरतं. कोको हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं पीक. बेकिंगची कोको पावडर, सत्तर टक्क्यांचं डार्क चॉकलेट, झायलिटॉलचं गम यांना आपल्या वाड्या-वस्त्यांतल्या कुत्र्यांच्या कित्येक पिढ्यांनी कधी तोंडही लावलेलं नाही. कांद्याचं तर उलटच आहे. खरकट्यात तो असतोच आणि कुत्र्यांना तो बाधतोही, फक्त उकिरड्यावरच्या कुत्र्याची हिमोग्लोबिन तपासणी कुणी करत नाही. ते अशक्त होतं, मागे पडतं, एक दिवस दिसेनासं होतं. जे दिसत राहतात त्यांच्यावरून ‘काही होत नाही’ हा नियम काढणाऱ्याने, न दिसणाऱ्यांची मोजणी कुठे केली, हे सांगायला हवं.

आता मिठाच्या पाण्याकडे. हा सल्ला घरोघरी इतका रुजलाय की त्याचं गणित कुणी करून पाहत नाही. कुत्र्याला वजनाच्या किलोमागे सुमारे २ ग्रॅम मीठ गेलं की विषबाधेची लक्षणं सुरू होऊ शकतात आणि ४ ग्रॅमच्या आसपास ते जिवावर बेतू शकतं. जेवणाचा मोठा चमचा काठोकाठ भरला तर त्यात १५ ग्रॅमच्या वर मीठ बसतं. पाच किलोच्या पॉमेरेनियनला असा एक चमचा मीठ पाण्यात कालवून पाजलं आणि उलटी झाली नाही, तर ‘औषध’ म्हणून दिलेलं मीठ चॉकलेटपेक्षा मोठं संकट होऊन बसतं. रक्तातलं सोडियम चढतं, मेंदूतलं पाणी ओढलं जातं, झटके येतात. उलटी झाली नाही म्हणून दुसरा चमचा पाजणारेही असतात. हायड्रोजन पेरॉक्साइडची कथा थोडी निराळी. अमेरिकेत काही वेळा डॉक्टर फोनवरून ते मोजून द्यायला सांगतात. तिथली बाटली ३ टक्क्यांची असते, आणि तेवढ्यानेही जठराला जखमा होतात, हे दुर्बिणीतून पाहिलेलं आहे. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सर्रास मिळणारी बाटली ६ टक्क्यांची असते. परदेशी सल्ला वाचून इथली बाटली उघडणारा मालक नकळत दुप्पट तीव्रतेचं द्रावण घशात ओततो. दुधानं थिओब्रोमाइन मरत नाही, तुपानं झायलिटॉल अडत नाही, आणि कोळशाची भुकटी चॉकलेटला उपयोगी असली तरी झायलिटॉलला ती फारशी धरत नाही. शिवाय एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर घराघरांत आलेला पग आणि त्याच्यासारखी चपट्या नाकाची कुत्री आधीच धापा टाकत जगतात. त्यांना घरी ओकारी काढायला लावणं म्हणजे फुप्फुसात अन्न जाण्याची सोय करून देणं. आंब्याची कोय किंवा मक्याच्या कणसाचा बुरकुंडा गिळला असेल, तर ओकताना तो अन्ननलिकेतच अडकायचा. इजा अडथळ्याची आणि उतारा विषाचा, अशी ती गत. उलटी करवायची की नाही, हा निर्णय पदार्थ, वेळ आणि कुत्र्याची अवस्था पाहून डॉक्टरनं घ्यायचा असतो आणि त्यासाठी दवाखान्यात इंजेक्शन असतं.

उलट दिशेनेही एक आक्षेप येतो आणि त्याला मी निम्मा मान देतो. लोक म्हणतात, या याद्या माणसाला घाबरवतात. चॉकलेट लाल, कांदा लाल, लसूण लाल, सगळंच लाल. एक तुकडा पडला की रात्री बाराला फोन. हे खरं आहे, पण दोष यादीचा आहे. यादी मात्रा सांगत नाही, मात्रेवाचून भीतीही खोटी आणि निर्धास्तपणाही खोटा. साध्या दुधाळ चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम थिओब्रोमाइन असतं, डार्कमध्ये ५ आणि त्याहून जास्त, कोको पावडरमध्ये वीस-पंचवीस. कुत्र्यात किलोमागे २० मिलिग्रॅमला सौम्य लक्षणं, ४० ते ५० ला हृदयाचा त्रास आणि ६० च्या पुढे झटके, असा ढोबळ हिशोब पशुवैद्य धरतात. तीस किलोच्या लॅब्रॅडोरनं पन्नास ग्रॅमची दुधाळ चॉकलेटची वडी खाल्ली, तर किलोमागे तीन-साडेतीन मिलिग्रॅम झाले. त्याचं पोट बिघडेल, फार तर रात्री एकदा बाहेर न्यावं लागेल. तेवढ्याच वजनाचं डार्क चॉकलेट पाच किलोच्या कुत्र्यानं खाल्लं, तर आकडा ५० किंवा त्याच्याही वर जातो, आणि केकसाठी काढलेली दहा-बारा ग्रॅम कोको पावडर त्याच ठिकाणी नेऊन ठेवते. कांद्याचंही असंच. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी गेला की रक्तावर परिणाम दिसू शकतो, म्हणजे पाच किलोच्या कुत्र्याला २५ ग्रॅम, तीस किलोच्याला १५०. शिजवल्यानं त्याचा गुण जात नाही आणि वाळवलेल्या कांद्यात किंवा कांदा-लसूण मसाल्यात तो चिमटीत मावतो. रोज थोडा थोडा दिला तरी तो साठत जातो. तेव्हा पहिल्या उदाहरणातल्या लॅब्रॅडोरला घरीच ठेवून बघत राहणं अगदी योग्य. तिथे थांबण्याआधी हिशोब झालेला आहे. मी ज्याला विरोध करतो ते थांबणं हिशोबाआधीचं आहे.

‘पण किती खाल्लं हे कुणाला माहीत असतं?’ नेमकं नसतंच. म्हणून रिकामं वेष्टन सापडलं तर त्यातलं सगळं खाल्लं असं धरायचं, घरात दोन कुत्री असतील तर सगळं एकट्यानंच खाल्लं असं प्रत्येकाबद्दल धरायचं, आणि वेळही सर्वांत आधीची धरायची. द्राक्षं, बेदाणे, चिंच यांच्या बाबतीत तर सुरक्षित मात्रा अशी रेषाच ठरलेली नाही, म्हणून तिथे हिशोब अडला की डॉक्टरला विचारणं हाच त्या हिशोबाचा शेवट. फोन करताना हाती काय असावं? कुत्र्याचं वजन, वेष्टनाचा फोटो, वेळ, आणि आधीपासून चालू असलेली औषधं. ओकलेलं असेल तर तेही पिशवीत भरून न्यावं, किळस वाटली तरी. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या विषबाधेसाठी चोवीस तासांच्या दूरध्वनी सेवा आहेत. आपल्याकडे तसा सगळ्यांच्या तोंडी असलेला क्रमांक नाही, म्हणून रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे कुत्रं घरी आणलं त्याच आठवड्यात शोधून ठेवायचं काम. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे आणि त्याच आवारात १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. तालुक्याच्या गावी असं काही नसतं, पण पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्यातला डॉक्टर गाई-म्हशी जास्त पाहत असला तरी सलाइन लावणं आणि शीर शोधणं त्याला कुत्र्याच्याही पायात जमतं. त्याला विचारलं जात नाही, कारण तो ‘ढोरांचा डॉक्टर’.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. माणसाला वेळेवर खाट मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्याच्या बेदाण्यांची चिंता करता, हा टोमणा मला पोकळ वाटतो, कारण ‘काही झालं तर नेऊ’ म्हणणाराही शेवटी नेतोच. फक्त उशिरा नेतो. पहिल्या दोन तासांत गेलं तर उलटीचं एक इंजेक्शन, फार तर कोळसा आणि काही तास लक्ष ठेवणं. तिसऱ्या दिवशी लघवी थांबलेल्या कुत्र्याला घेऊन गेलं तर अहोरात्र सलाइन, रोजच्या रोज रक्त, आणि डायलिसिसची सोय असलीच तर मोठ्या शहरातल्या एखाद्या ठिकाणी. ज्याच्या खिशात पैसे कमी आहेत त्याला उशीर जास्त परवडत नाही. त्यामुळे काटकसरीचं कारण सांगून वाट पाहणाऱ्यानं निदान एक फोन तरी आधी करावा. त्याला पेट्रोलसुद्धा लागत नाही.